पोटातलं पाणी

“उंदराले औषध देतेस अन् मले नाई?” कुंता कॉटवरूनच ओरडली.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात ती पोटातलं पाणी काढायला आली होती. अंडाशयाच्या कॅन्सरमुळे दर पंधरवड्याला तिचं पोट फुगायचं. समोर तिची भाची ज्योत्स्ना उभी होती. आई वारल्यावर कुंतानेच तिला वाढवलं, तलावातल्या मासोळ्या बाजारात विकून शिकवलं. आता ती नागपूरच्या एका प्रयोगशाळेत याच रोगावर काम करायची. मासेमारांचा सारा ढिवरमोहल्ला म्हणायचा, पोरगी कॅन्सरचं औषध बनवते.

“मावशी, औषध नाई झालं अजून. आरएनएचे बारीक बारीक तुकडे आहेत ते. गाठीले वाढायचा निरोप जाते ना, तो मधातच तोडतात. पण गाठीपर्यंत पोचायच्या आधीच रक्तात मोडून जातात. माणसाले द्यायले लय वर्षं लागतीन.”

“मंग आली काऊन?”

ज्योत्स्नाने मान खाली घातली. “तुह्या पोटातलं पाणी पाह्यजे होतं. त्यात गाठीच्या पेशी राह्यतेत. त्याहिच्यावर ते तुकडे टाकून पाहाचे आहेत.”

“मावशी मरून राह्यली, अन् तू डबा घेऊन आली!” कुंताने उशाचा पेला फेकून मारला. तो ज्योत्स्नाच्या खांद्याला लागला. सिस्टर धावत आली. “काढा तिले बाहीर. माही कोनी नाई ते,” कुंताने तिला सांगितलं.

ज्योत्स्ना बाहेर बाकावर बसून राहिली. आत नळीतून पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं. शेजारच्या कॉटवर हाच रोग झालेली रोशनी होती, जेमतेम तिशीची.

“बाई, पाणी काढल्यावर बरं वाटते का?” तिने भीतभीत विचारलं.

“पंधरा दिवस वाटते,” कुंता म्हणाली. मग सिस्टरला म्हणाली, “हे पानी कुठी टाकता?”

“फेकून देतो.”

“बलावा तिले.”

ज्योत्स्ना संमतीचा कागद घेऊन आली. सिस्टरने अंगठ्यासाठी शाई पुढे केली. कुंताने ती हाताने बाजूला सारली, पेन मागितलं आणि एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं.

“माह्यासाठी म्हनून आली असती एकडाव,” ती म्हणाली. “जा आता.”

पुढच्या वेळी ज्योत्स्ना पाणी काढायच्या दोन दिवस आधीच घरी आली, रिकाम्या हाताने. कुंताने भिंतीकडे तोंड फिरवलं. दवाखान्यात पाणी मात्र सिस्टरला तिच्यासाठी ठेवायला लावलं.

त्यानंतरच्या खेपेला ज्योत्स्ना दवाखान्यात पोचली, तेव्हा सिस्टर कुंताच्या रिकाम्या झालेल्या कॉटवर धुतलेली चादर अंथरत होती. ज्योत्स्नाने चादरीचं दुसरं टोक धरलं.