आक्काची मोजणी

आक्का मोजायला लागली की तिचे ओठ हलतात, आवाज मात्र येत नाही. निपाणीच्या घराच्या परसाकडच्या सोप्यात माघातलं ऊन तिरपं उतरलेलं असतं. वाळल्या तंबाखूचा उग्र-गोड दर्प आणि डाखाच्या तापल्या राळेचा धूर हवेत एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात मांडी घालून बसलेली माझी सत्तरीची बहीण केसाहून बारीक तांब्याची तार बोटांमधून सोडत असते. तार उन्हात आली की लकाकते, सावलीत गेली की दिसेनाशी होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नुसतं ऊनच गुंडाळत बसली आहे. अशा वेळी तिच्याशी बोलायचं नसतं. मी बोलतो, कारण मला राहवत नाही, आणि ती नजर न उचलता मला कोपराने ढोसते.

त्या बोटांचं शिक्षण सुपात झालं. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची आणि आक्का तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. पान कापणं, जर्दा भरणं, वळणं, टोक मुडपणं, दोरा बांधणं, हे सगळं त्या हातांनी इतक्या सहज चालायचं की तोंड गप्पांना मोकळं राहायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. पण माल तपासणारा माणूस कट्ट्यातली एखादी बिडी खराब म्हणून बाजूला टाकणारच, म्हणून दर कट्ट्यात एक वरकड घालायची, हे आईने तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. पुढे हीच चपळाई बघून बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानदाराने तिला ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळायच्या कामावर घेतलं. दुकानात बसणारी गावातली ती पहिली मुलगी. लोक मुद्दाम बिघडलेले रेडिओ घेऊन तिला बघायला यायचे, आणि ती त्यांच्याकडे न बघता रेडिओकडे बघायची.

आमचा थोरला भाऊ अण्णा गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. लग्नांत, गणपतीत, निपाणीपासून पार बेळगावजवळच्या सांबऱ्यापर्यंत त्याला बोलावणी असायची. एकदा गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्याने वॉल्व्हचा जुना परदेशी अँप्लिफायर आणला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी झाक असलेलं जाळीदार कापड, आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झालेला. अण्णाचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा आक्काने कुणाकडून तरी त्याच्या तारेच्या वेढ्यांचा तक्ता मिळवला, अण्णाने लाकडी मुठीचं एक ओबडधोबड यंत्र करून दिलं, आणि आईच्या शेजारी याच सोप्यात बसून तिने तो पुन्हा गुंडाळला. दुकानातल्या यंत्राला फेरे मोजणारी चकती होती, घरच्याला नव्हती. मोजणी तोंडानेच केली.

त्या पेटीतून जो आवाज आला तो मी आजन्म विसरणार नाही, असं मी म्हणतो खरा. पण खरोखर विसरली नाही ती आक्काच. अण्णाचा सूर रेंगाळत यायचा, वळणावर किंचित जाडसर व्हायचा, कढईतला रस काकवीला येताना होतो तसा, आणि संपता संपता त्याला एक उबदार खरखर सुटायची. अण्णाचं हसणंही तसंच होतं. वाजवून झालं की तो पेटीवर थाप मारायचा आणि आक्काला म्हणायचा, माझा आवाज तुझ्या हातात हाय बघ. त्यावर आक्का नाक उडवायची.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी पेटी मुकी झाली. अण्णाने आक्काला जरा बघ म्हणून सांगितलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बारीक तार दिसेना, म्हणून ती म्हणाली, नंतर बघू. त्याने दोनदा सांगितलं, ती दोनदा तेच म्हणाली, आणि त्या वर्षाच्या अखेरीला अण्णा गेला. त्याच्या वाजवण्याची एकही ध्वनिफीत आमच्याकडे नाही. तो सूर आता फक्त आक्काच्या कानात होता, आणि कान काही जन्मभराची हमी देत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो एकदा परत ऐकल्याशिवाय तिच्या मनातलं ते ‘नंतर बघू’ मिटणार नव्हतं.

यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि घरी येऊन तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पेटीवरची चादर ओढली. मी बेळगावात कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. दर रविवारी बस धरून, कुंद्याच्या मिठाईची पुडी घेऊन निपाणी गाठू लागलो. काय ते दिवस होते! आक्काने दातांच्या ब्रशने पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ काढली, कापड रिठ्याच्या पाण्याने हलकेच धुतलं, निकामी कंडेन्सर काढून नवे लावले, डाख देणं मला जमेना म्हणून मला नुसतं धरायला बसवलं, आणि मी जे धरेन ते नेमकं गरम निघायचं. माझ्या बोंबलण्यावर ती लहान मुलीसारखी खिदळायची. तिला इतकं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ट्रान्सफॉर्मरची तार आत एका जागी हिरवी पडून तुटली होती. त्याच्या जागी नवाच गुंडाळावा लागणार होता. इथे मी माझी हुशारी पाजळली. कोर्टात जन्म काढलेला माणूस मी, नोंद काटेकोर हवी. बेळगावातून फेरे मोजणारा इलेक्ट्रिक काउंटर आणून तिच्या यंत्राला जोडून दिला. तक्त्यात अडीच हजार वेढे लिहिलेले, आम्ही मोजून अडीच हजार घातले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पेटी लावली. वॉल्व्ह मंद केशरी उजळले, आक्काने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, आणि मी अण्णाची गिटार मांडीवर घेऊन, त्याने शिकवलेली एकमेव मींड कांडीने ओढली. आवाज आला. स्वच्छ, मोकळा, निर्दोष आवाज. मी हर्षाने आक्काकडे पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला.

“बाळू,” ती म्हणाली, “ह्यो अण्णा न्हाय.”

मी तिला समजावलं की वाजवणारा मी आहे, अण्णाचा हात कुठून येणार. मग, नको ते, हेही बोलून गेलो की वयानुसार ऐकणंही बदलतं. पेटीवर तिने पुन्हा चादर घातली, कडा नीट मुडपल्या आणि चहा ठेवायला उठून गेली. परतीच्या बसमध्ये मला माझाच राग आला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती परसाच्या पायरीवर पेटीतून काढलेला, तिनेच पूर्वी गुंडाळलेला जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन बसली होती. तिने पट्ट्या सोडवून आतलं वेटोळं मोकळं केलं होतं. माझ्या मनात आलं, हिने त्या वेळी घातले तरी किती असतील? यंत्राला काउंटर जोडला आणि आम्ही तार उलटी उलगडायला बसलो. थरांमधल्या पातळ कागदांवर आक्काने तेव्हा ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा अजून शाबूत होत्या. दर पंचवीस वेढ्यांना एक रेघ. कडेला आईच्या बोटाचा तंबाखूचा डागसुद्धा होता. ऊन परसातल्या चिंचेच्या शेंड्यावर गेलं तेव्हा तार संपली. रेघा भरल्या शंभर, म्हणजे अडीच हजार वेढे. काउंटरवर आकडा होता सव्वीसशे.

मी काउंटर बिघडला म्हणून त्याला बडवू लागलो. आक्का रेघांकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, बोटं हवेतच काहीतरी वळू लागली, आणि पंचविसावर न थांबता पुढे एक वळून थांबली.

“आगं बाई,” ती म्हणाली, “कट्ट्याला एक वरकड घातलाय रं मी. आईसंगं बसून बिड्याच वळल्यात!”

आणि ती जी हसत सुटली, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, की मीही पायरीवर बसून हसू लागलो.

आमच्या शेजारचे इंजिनिअर म्हणतात, एवढ्याशाने आवाजात फारसा फरक पडत नाही. त्यांनी येऊन ऐकावं. आक्काने माझ्या काउंटरवर पंचा टाकला, मला गप्प बसायची तंबी दिली आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं, ओठ हलवत, कट्ट्याला एक वरकड. चार दिवस लागले. मी घरी परतलोच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पेटी पुन्हा लावली. मी तीच मींड ओढली, तशीच कच्ची. सूर रेंगाळला, वळणावर जाडसर झाला, आणि विरता विरता त्याला ती उबदार खरखर सुटली. आक्काने डोळे मिटले. तिचा हात पेटीवर होता, अण्णा थाप मारायचा तिथेच. मी वाजवत राहिलो. मला येणारी एकच मींड मी पुन्हा पुन्हा ओढली आणि तिने एकदाही पुरे म्हटलं नाही.

“माझा आवाज तुझ्या हातात हाय म्हणायचा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, लाडीगोडी लावतोय.”

आता रविवारी दुपारी आमच्या सोप्यात ती पेटी वाजते आणि गल्लीतल्या बायका हातातलं काम घेऊन येऊन बसतात. अण्णा गेला तेव्हा त्याचा आवाजही गेला, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यात पहिल्यापासून आक्काही होती, आईही होती, हे आक्काला आणि मला ठाऊकच नव्हतं. काळ माणसं मोजून घेऊन जातो, त्याच्या मोजणीत चूक होत नाही. पण आक्काच्या मोजणीत दर खेपेला एक जास्तीचा असतो, आणि तेवढा मागे राहतो.