मामांच्या पंपावर भरलेली टाकी

"ताई, ह्या गाडीत साधं पेट्रोल टाकू नका. चुकून पडलंच तर आधी माझ्याकडं या. पाच मिनिटांचं काम हाय."

कलीम असं म्हणाला तेव्हा शिवकन्याचं निम्मं लक्ष त्याच्याकडं होतं आणि निम्मं चिमीच्या मुठीकडं. तिच्या अडीच वर्षांच्या लेकीनं गॅरेजच्या फरशीवरून एक नट उचलला होता. तो तोंडात जायच्या आत काढून घेणं, याहून मोठं काम त्या क्षणाला जगात नव्हतं.

गाडी संगमेशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. लातुरात त्याचं पाईप-फिटिंगचं दुकान, पण जीव सगळा गाड्यांत. पुण्याहून सेकंडहँड आणलेली लाल, बुटकी, टर्बोची स्पोर्ट्स गाडी. मागची सीट नावापुरती. तिच्यात चिमीची खुर्ची कशीबशी बसायची. तरी कंपनीनं दिलेली ताकद त्याला पुरेना, म्हणून गाडी नांदेडला देगलूर नाक्यावर कलीमकडं गेली. कलीम इंजिनाचा कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडायचा आणि आतलं गणित बदलून द्यायचा. टर्बोनं हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, या सगळ्या गणिताला मॅप म्हणतात. मराठवाड्यात हे काम धड जाणणारा एकच माणूस, असं संगमेशच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपात सगळे म्हणायचे.

"कंपनीनं इंजिनात थोडी जागा सोडलेली असती," कलीम सांगत होता. "हलकं पेट्रोल पडलं तरी सांभाळून घ्यायला. ती जागा आपण ताकदीला वापरून टाकली. आता ह्याला शंभर ऑक्टेनचंच पायजे. साधं पेट्रोल एवढ्या दाबात तग धरत न्हाई, आपल्या मनानं पेटतंय. चुकून पडलंच तर मी मॅप हलका करून देतो. आतून तडतड ऐकू आली की पाय काढायचा. लई वाईट आवाज असतोय तो."

"कलीमभाई, मला ऑक्टेन शिकवू नका. मी बीएस्सी केमिस्ट्री हाय," ती हसून म्हणाली. "शाम्पूत प्रोटीन असतंय तसलं प्रकरण. नाव मोठं, भाव मोठा."

शेजारी उभा असलेला संगमेश मोठ्यांदा हसला. कलीम हसला नाही. त्यानं चिमीच्या हातात एक बिस्किट दिलं आणि बॉनेट लावलं.

खरं तर ऑक्टेनवर तिनं परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आयसो-ऑक्टेनला शंभर धरायचं, हेप्टेनला शून्य, आणि त्या दोहोंच्या मधे जगातलं सगळं पेट्रोल. पाचापैकी साडेचार मिळाले होते. वहीतली गोष्ट कधी आपल्या गाडीच्या टाकीत येऊन बसेल असं तिला वाटलं नव्हतं, एवढंच.

मे महिन्यात ती चिमीला घेऊन मुदखेडला माहेरी गेली. गाडी स्वतः चालवत गेली. चार दिवस राहून निघाली तेव्हा काटा खाली आला होता आणि नांदेडच्या पंपावर शंभरचं भरून घेऊ, असं तिनं ठरवलं होतं. पण मुदखेडच्या बाहेर पडताना नागप्पामामांचा पंप लागतो. मामांचा रिवाज ठरलेला: भाची सासरी निघाली की घरी आईनं ओटी भरायची आणि पंपावर मामानं टाकी. मामा रस्त्यात आडवेच उभे होते.

"मामा, ह्या गाडीला दुसरं पेट्रोल लागतंय."

"दुसरं म्हंजे? दूध घालू का?"

पंपावरची माणसं खदखदून हसली.

"तसं न्हाई मामा, जास्त ऑक्टेनचं..."

"आगं शिवा, बाटलीतलं महागाचं पाणी पिलं म्हणून तहान जास्त भागती का? समदं एकाच डेपोतून येतंय. लावा रे नळी! तोंडापर्यंत भरा. माझी लेक रिकामी जात नसती."

चारचौघांत, मामांच्याच माणसांदेखत, तुमचं पेट्रोल माझ्या गाडीला चालत नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं सांगितलं नाही. टाकी भरली. मामांनी चिमीच्या हातावर पेढा ठेवला. ती पाया पडून निघाली.

नांदेडात वाट थोडी वाकडी केली असती तर कलीमचं गॅरेज दहा मिनिटांवर होतं. आठवण झाली. पण चिमी नुकती रडून शांत झाली होती. तिला सोडवायचं, त्या नटबोल्टांच्या फरशीवर उतरवायचं, परत बांधायचं, परत रडणं. साधं तर पेट्रोल, विष थोडंच आहे, असं मनाशी म्हणून ती लोह्याच्या रस्त्याला लागली.

माळेगावच्या पुढं चढाला कडब्यानं फुगलेला ट्रक आडवा आला. पुढचं काही दिसेना. रस्ता मोकळा मिळताच तिनं पाय दाबला, आणि पुढून आवाज आला. तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा, बारीक, कोरडा. चिमीला रात्री एकदा ठसका लागला तरी दोन खोल्या पलीकडून जाग येणारी ही बाई. तिनं काय करावं? रस्त्याची खडी खालून लागत असेल असं ठरवलं, आणि चिमीचं बडबडगीत मोठं केलं.

अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडं आणखी दोन ट्रक ओलांडले. मग गाडी थरथरली, इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला, मागं निळसर धूर दिसला. तिनं गाडी कडेला घेतली आणि चिमीला उचलून लांब बाभळीखाली जाऊन उभी राहिली. इंजिनातला एक पिस्टन फुटला होता.

गाडी ओढून लातुरात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी कलीम एसटीनं आला, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. दारात संगमेश, खुर्चीत सासरे सिद्रामप्पा, शेजारचे दोघं-तिघं. कलीमनं वायर जोडली.

"ताई, साधं पेट्रोल पडलं होतं का?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. हो म्हटलं तर मामा निघणार, माहेर निघणार, 'शिकलेल्या सुनेला एवढं कळंना' हेही निघणार. चिमी कडेवर होती. तिला घट्ट धरून ती म्हणाली, "न्हाई. शंभरचंच. नांदेडात भरलं."

कलीमनं पडद्याकडं पाहिलं. गाडी किती वाजता कुठल्या वेगानं पळाली, टाकी कधी भरली, इंजिन कधी तडतडलं, सगळी नोंद तिथं होती. त्यानं एकदा वर पाहिलं, तिच्याकडं नव्हे, चिमीकडं. आणि लॅपटॉप मिटला.

"मग माझाच मॅप चुकला असंल," तो म्हणाला.

"असंल म्हंजे?" सिद्रामप्पा कडाडले. "गाडीत बारकं पोर होतं! कुठल्या कालेजात शिकलास रे तू हे?"

"कुठल्याच न्हाई, अप्पा."

शेजारचे हसले. ती आत निघून गेली, चिमीला दूध द्यायच्या निमित्तानं. चिमीला भूक नव्हती.

संध्याकाळी तिच्या मोबाईलवर कलीमचा मेसेज आला. 'ताई, नोंद पुसून टाकली. घरात सांगायची जरूर नाही. पुढं साधं पेट्रोल पडलं तर पाय हलका ठेवा, पोरगी असते गाडीत.' तिनं तो तीनदा वाचला आणि काढून टाकला.

कलीमनं नवे पिस्टन बसवून तीन आठवड्यांत गाडी परत दिली, मजुरी घेतली नाही. त्याआधीच संगमेशनं फुटलेला पिस्टन हातात धरून व्हिडिओ केला होता: 'देगलूर नाक्याच्या उस्तादाची करामत बघा.' ग्रुपातून तो कुठं कुठं गेला. लोक खाली लिहीत, आमची पण गाडी तिथंच केली, आता त्याचा मॅप काढून घेतो. ती रोज वाचायची. जेवण गिळायची. चार महिने.

मग नांदेडची तिची मैत्रीण शिल्पा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या त्या उस्तादाचं शटर कधीचं बंद हाय गं."

त्या दुपारी तिनं दुकानात जाऊन संगमेशला सगळं सांगितलं.

"आता सांगायलीस? चार महिन्यांनी?"

"व्हिडिओ काढून टाक."

"आणि लोकांला काय सांगू? बायको खोटं बोलली म्हणून? हसतेत लोकं माझ्यावर."

"त्याच्यावर हसलेच की."

संगमेशनं काढला नाही. मग तिनंच ग्रुपात लिहिलं, स्वतःच्या नावानं, मामांचं नाव न घेता: पेट्रोल साधं होतं, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. खाली एकानं हसरं तोंड टाकलं. एकानं लिहिलं, 'वहिनी, घरातलं घरात मिटवा.' व्हिडिओ सहाशे जणांनी पाहिला होता. तिचं लिहिणं तिसांनी.

पुढच्या आठवड्यात ती एसटीनं देगलूर नाक्याला गेली. शटरला कुलूप. शेजारी पंक्चर काढणारा ताहेर म्हणाला, "गिऱ्हाईक आलंच न्हाई तर काय करंल? लॅपटॉप विकून टाकला. हिमायतनगरकडं ट्रॅक्टरच्या गॅरेजात हाय म्हणतेत, कोन म्हणतं इस्लापूरला." कलीमचा नंबर बंद. ती हिमायतनगरला जाऊन आली. तीन गॅरेजं विचारली, सापडला नाही. इस्लापूरच्या बाजूला चौकशी करायला तिचं कुणी नाही.

तुम्ही त्या भागातले असाल, किंवा सहस्रकुंडाच्या धबधब्याला जाताना वाटेत थांबणार असाल, तर तिचं एवढं ऐका. रस्त्याकडेच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात डोकावून बघा. बारीक अंगाचा, तिशीतला, कमी बोलणारा मिस्त्री आहे का? त्याची तब्येत बरी आहे का, हाताला काम आहे का, कुणी त्याला टाकून बोलत तर नाही ना, हे बघा. शिवकन्याचं नाव काढलं नाही तरी चालेल. फक्त तो ठीक आहे का, ते तिला कळवा.