उघडल्यावर दिसतं ते

भुकूमच्या डायलिसिस सेंटरचं ॲप आपल्या लेकीनं बनवलंय, हे भिकाजी ओव्हाळांचं तिथल्या आठही खाटांवरच्या माणसांना सांगून झालं होतं. नवा पेशंट आला की आधी ते हे सांगत आणि मग त्याचं नाव विचारत. रुपालीनं ते एकटीनं काही बनवलं नव्हतं. अशी सेंटरं चालवणाऱ्या, हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधल्या कंपनीत चौदा जणांची टीम होती आणि ती त्यातली एक. पण एक काम मात्र निव्वळ तिचं होतं. ॲप उघडलं की पहिल्यांदा काय दिसावं, हे ठरवणारा कोड तिनं लिहिला होता.

तो लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे वडीलच होते, तिचे बापू. भिकाजींनी पिरंगुटच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅकिंगला काढली. साखरेनं आधी त्यांचे डोळे अधू केले आणि मग मूत्रपिंडं. आठवड्यातून तीनदा माणच्या घरून घोटवडे फाट्यामार्गे रिक्षानं भुकूमला जायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि परत यायचं. सेंटरचा नियम असा, की ज्याचा नंबर असेल त्यानं त्या दिवशी सकाळी सहा ते सातच्या दरम्यान ॲपवरून येतोय म्हणून कळवायचं. न कळवलं तर मशीन वाट बघणाऱ्या दुसऱ्या पेशंटला जायचं. नियम वाईट नव्हता. आधी माणसं न सांगता यायची बंद व्हायची, मशीन रिकामं राहायचं आणि बाहेर चौघं ताटकळत बसायचे.

म्हणून रुपालीनं सोपी वाट केली होती. आज तुमचा नंबर असेल, तर ॲप उघडताच दुसरं काही दिसायचंच नाही. पांढऱ्या पडद्यावर तळहाताएवढं हिरवं बटण आणि त्यावर एकच शब्द, ‘येतोय’. भिकाजींना अक्षरं दिसत नसत, पण हिरवं दिसे. पहाटे उठून तोंड धुतलं की ते अंगठा टेकवत आणि बायकोला, इंदूबाईंना, म्हणत, "झालं गं माझं. चहा टाक."

दीड वर्ष हे बिनघोर चाललं. मग एके दिवशी टीमच्या प्रमुख साधना मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. कंपनीनं आता सगळ्या शरीराच्या तपासणीचं पॅकेज काढलं होतं, आणि ॲप उघडलं की पहिल्यांदा तेच दिसायला हवं, असं वरून आलं होतं.

"नंबरवाल्यांनासुद्धा?" रुपालीनं विचारलं.

"सगळ्यांना. नंबरचं बटण कुठं जात नाही. खाली मेन्यूत आहे. दोन टॅप फक्त."

"मॅडम, माझे वडील पेशंट आहेत. त्यांना दोन टॅप म्हणजे..."

"मला माहितीये, रुपाली." साधना मॅडम खरंच वाईट नव्हत्या. भिकाजींच्या पहिल्या डायलिसिसच्या वेळी त्यांनीच तिला आठ दिवस सुट्टी मिळवून दिली होती. "पण डायलिसिसवर ही सेंटरं तगत नाहीत. तपासण्या चालल्या नाहीत, तर वर्षभरात भुकूमचं सेंटर बंद करायला निघतील हे लोक. मग बटण कुठलंही असून काय उपयोग?"

रुपालीनं एकदा मेल लिहिलं, दुसऱ्यांदा चित्रं काढून दाखवली, आणि तिसऱ्यांदा वाद घातला तेव्हा खोलीतले बाकीचे घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी काम तिच्याच नावावर आलं, कारण कोडमधली ती ओळ तिची होती. बदलायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आज नंबर आहे का, हा प्रश्नच तिनं काढून टाकला.

घरी ती काही बोलली नाही. नवं ॲप पुढच्या आठवड्यात जाणार होतं, आणि तोवर वरच्यांचं मन बदलेल अशी तिला आशा होती. रविवारी बापूंना शेजारी बसवून सगळं शिकवायचं, असंही तिनं ठरवलं होतं. पण कुणीतरी तारीख अलीकडे ओढली आणि तो रविवार यायच्या आधीच, सोमवारी संध्याकाळी, ते सगळ्यांच्या फोनवर जाऊन बसलं. रुपालीला हे मंगळवारी ऑफिसात गेल्यावर कळलं.

मंगळवार म्हणजे भिकाजींच्या नंबरचा दिवस.

सकाळी सहाला त्यांनी ॲप उघडलं. हिरवा रंग कुठं दिसेना. निळ्या पडद्यावर हसणारी माणसं होती आणि खाली एक रुंद केशरी पट्टी. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आतल्या खोलीत रुपाली झोपली होती. रात्री तिला यायला उशीर झाला होता, तिला उठवावंसं त्यांना वाटेना.

"रंग बदललाय जनू," ते इंदूबाईंना म्हणाले.

"लेकीला इचारा की."

"झोपू दे तिला. बटन हाय की हितं."

त्यांनी केशरी पट्टीवर अंगठा टेकवला. पडद्यावर भलंमोठं ‘धन्यवाद’ आलं. तेवढं अक्षर त्यांना लागलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चहा पिऊन, भाकरी खाऊन, डबा घेऊन ते साडेसातला रिक्षात बसले. रुपालीनं त्यांना दारातून हातही केला.

भुकूमला त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. त्याच्या हातात सुया गेल्या होत्या, मशीन फिरायला लागलं होतं.

"काका, तुमचं कन्फर्म आलं नाही," मशीन बघणारी गौतमी सिस्टर म्हणाली. "सात वाजेपर्यंत मी वाट बघितली."

"दाबलंया की मी. धन्यवाद आलंया."

तिनं त्यांचा फोन घेऊन बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही तपासणीचं पॅकेज मागितलंय."

आता सुया लागलेल्या माणसाला कसं उठवायचं? दुपारची पाळीही भरलेली होती. कुणी आलं नाही तर बघू, म्हणून भिकाजी बाहेरच्या बाकावर बसले. एकच्या सुमाराला गौतमीनं स्वतःचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "ताईंना फोन लावू का?" तिनं विचारलं. ते म्हणाले, "नगं. ती कामात आसंल." तीन वाजता ते आले तसे परत निघाले.

संध्याकाळी रुपाली घरी आली, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. अपडेट गेल्याचं कळल्यापासून बापू मशीनवर असतील म्हणून तिनं दुपारपर्यंत तीनदा आईलाच फोन केला होता आणि तिन्ही वेळा इंदूबाईंनी, ते गेलेत की भुकूमला, एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे निभावलं असं ती समजून चालली होती. तिनं बापूंच्या डाव्या हाताकडे बघितलं. डायलिसिस झालं की तिथं कापसाच्या दोन पट्ट्या असायच्या. हात कोरा होता.

"बापू, झालं नाही?"

"अगं, माझंच चुकलं. भलतंच बटन दाबलं म्या," भिकाजी म्हणाले. मग फोन तिच्यापुढे धरून म्हणाले, "पर तू कशी बोलली न्हाईस, रंग बदलनार म्हनून?"

रुपालीनं तिथंच गौतमीला फोन लावला, मग ओळखीच्या आणखी दोन सेंटरांना लावला. गुरुवारच्या आधी कुठंच मशीन नव्हतं. त्या रात्री तिनं घरातलं पाणी मापून ठेवलं आणि आईला बजावलं, की बापूंना दिवसभरात दोन वाट्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही.

बुधवारी सकाळी ती ऑफिसात पोचली तर तिथं टाळ्या चालल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा होता. पहिल्याच दिवशी एकशे बेचाळीस जणांनी पॅकेजची चौकशी केली होती. कुणीतरी पेढे आणले होते. एकशे बेचाळीस म्हणजे अपेक्षेच्या तिप्पट, असं साधना मॅडम म्हणत होत्या, आणि पेढ्याचा खोका रुपालीपुढे आला.

तिनं पेढा घेतला नाही. जागेवर बसून तिनं ती सगळी नावं काढली आणि त्यांच्यापुढे नंबरांची यादी लावली. एकशे बेचाळीसांपैकी एकसष्ट जणांचं त्याच दिवशी डायलिसिस होतं. एकूण अकरा सेंटरांमधली माणसं होती ती. सव्विसावं नाव भिकाजी तुकाराम ओव्हाळ.

तो कागद घेऊन ती साधना मॅडमच्या काचेच्या खोलीत गेली. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"यातल्या कितीजणांचं चुकलं?"

"बेचाळीस जणांचं. बाकीच्यांना घरातल्या कुणीतरी मेन्यू शोधून दिला असेल."

मॅडमनी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून फोन केला. काचेतून रुपालीला त्यांचा हात हलताना दिसत होता, मग तो हलायचा थांबला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"तीन महिने बघायचं म्हणतात. आकडा चांगलाय, आत्ता हात लावायचा नाही. खाली एक ओळ घालायला परवानगी दिलीये. ‘डायलिसिससाठी मेन्यू बघा.’"

"ती ओळ कुणाला वाचता येणारे, मॅडम?"

"मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. मी तरी आणखी काय करू, सांग तू."

रुपालीनं ती ओळ घातली. करड्या रंगात, बारीक अक्षरांत, कारण जागा तेवढीच दिली होती.

दुपारी चारला इंदूबाईंचा फोन आला. "रुपे, ह्यांना धाप लागलीया. आडवं पडवंना झालंय. पाय बघ कसं सुजल्यात." रुपाली निघाली, पण फेजमधून माणला यायच्या रस्त्यावर त्या वेळी कंपन्यांच्या बसांची रांग लागलेली असते. दुचाकी हाताशी असून चाक पुढे सरकेना. शेवटी तिनं गाडी एका पानटपरीपाशी टाकली आणि उरलेला रस्ता ती चालत, पळत आली. रिक्षात बापूंना मधे बसवून, दोघींनी दोन्हीकडून धरून पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी मानेत नळी घालून तातडीनं डायलिसिस केलं. बाहेर उभ्या रुपालीला एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "एक पाळी का चुकवली यांनी? इतके दिवस तर नेमानं चाललंय."

"फोनवरनं कळवायचं राहिलं," ती म्हणाली.

भिकाजी वाचले. पण आठ दिवसांनी घरी आले तेव्हा भिंत धरल्याशिवाय त्यांना मोरीपर्यंत जाता येईना, आणि ती ताकद पुढे भरून आली नाही. त्या आठ दिवसांत त्यांच्या फोनवर रोज कंपनीची एक मुलगी फोन करत होती. सर, आपण पॅकेजमध्ये रस दाखवला होता, कधीची वेळ देऊ?

रुपालीनं राजीनामा लिहून ठेवला आणि बापूंना वाचून दाखवला.

"आनि मग?" ते म्हणाले. "मशीन तर तितंच ऱ्हानार. मला जायाचं तितंच. तू गेलीस तर हे आतलं कळनार कुनाकडून?"

राजीनामा तसाच राहिला. बापूंचा नंबर आता ती स्वतः कळवायची, सहाच्या ठोक्याला. पण भुकूमला ती त्यांना सोडायला गेली की बाकावरची माणसं तिच्याभोवती जमायची. "तुमीच केलंय न्हवं ते? मग आमचं हिरवं बटन द्या की परत." त्यांना काय सांगणार? तिनं एकेकाला जवळ बसवून मेन्यू दाखवला. तिथल्या तिथं जमायचं, दुसऱ्या दिवशी विसरायचं. मग तिनं दुसराच उपाय काढला. ज्यांना जमत नव्हतं त्यांचे फोन नंबर तिनं लिहून घेतले. सहा वाजता ती आपल्या फोनवरून त्यांच्या नावानं आत शिरायची, त्यांच्या फोनवर सहा आकडे जायचे, ते त्यांनी तिला वाचून दाखवायचे. मग ती त्यांचं कळवायची आणि बाहेर पडून पुढच्याचं घ्यायची. एका माणसाला चार-पाच मिनिटं लागायची. माणसं होती अकरा. तासाभरात जेमतेम बसायचं.

"जय भीम, ताई. घ्या, आठ, शून्य, तीन... थांबा हां, चष्मा कुटं गेला."

"लीलाबाई बोलतीया. आकडं आलं न्हाईत अजून. आलं. न्हाई, हे तर गॅसचं हाय."

एका शनिवारी त्या अकरांतल्या साळूबाईनं फोन उचलला नाही. साळूबाई भुकूमच्या वरच्या अंगाला एकटी राहायची, तिची सून मारुंजीला कामाला आणि तिथंच राहायला होती. रुपालीनं साडेसहाला लावला, सहा चाळीसला लावला. मधे आणखी दोघांचं उरकून पुन्हा लावला. पाच मिनिटं राहिली असताना तिनं गौतमीला फोन केला.

"गौतमी, साळूबाई येतीये असं धर ना. मी सांगते."

"मला धरता येत नाही, ताई. सातला यादी आपोआप बदलते. माझ्या हातात काही ठेवलेलंच नाही."

सातला यादी बदलली. सव्वासातला साळूबाईचा फोन आला. ती नळावर गेली होती. पाणी आज लवकर सुटलं होतं आणि फोन घरात खुंटीला टांगलेला होता.

"झालं का माझं, पोरी?"

"नाही झालं, मावशी. वेळ गेली."

"मग आता कवा?"

रुपालीनं ॲप उघडलं. हसणारी माणसं बाजूला सारून मेन्यूत गेली आणि पुढची रिकामी वेळ बघितली. सोमवार, दुपारची पाळी.

"पाणी कमी प्या, मावशी," ती म्हणाली. "अगदी घोटभरच. आणि धाप लागली तर लगेच मला फोन करा."

"बरं," साळूबाई म्हणाली. "पर तू कामावर असशील न्हवं?"

"असले तरी करा."

आत भिकाजी भिंत धरून उभे होते, त्यांना शर्टाची बाही घालून द्यायची होती. रुपालीनं फोन आईच्या हातात दिला, साळूबाईचा आला तर लगेच उचल म्हणाली, आणि बापूंचा हात बाहीत सरकवला. रिक्षा दारात आली होती.