दुसरा खट् मी ऐकलाच नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला डाव्या अंगाने पोचा पडला आहे आणि माझी काळी फोमची टोपी कधीच हरवली. एका कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात मी पडून असतो. माझे काम ऐकायचे, बोलायचे नव्हे. पण एक गोष्ट मी ऐकली आणि ती जिवाला लागून राहिली, म्हणून आज तोंड उघडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातली बारीक तार जोडणाऱ्या बाईंनीच चाचणीसाठी माझ्यात पहिला शब्द टाकला, "हॅलो." सर्दीने त्यांचा आवाज बसला होता आणि तो बसलेला आवाज मी जसाच्या तसा पोचवला. "कान तिखट आहेत हो याचे," असे त्या शेजारणीला म्हणाल्या. त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

पुढे मी एका वाहिनीच्या बातमीदारांच्या हाती आलो. ते मोटारींच्या शर्यतींच्या बातम्या देत. माणूस मोठा लाघवी. "एकच प्रश्न," असे म्हणत पुढे सरसावायचे आणि तीन विचारून मोकळे व्हायचे. मेकॅनिक मंडळींनी त्यांचे नावच 'एकच' पाडले होते. "आले एकच, आता गेली आपली दुपार," असे कोणी म्हटले की तेच सगळ्यांत मोठ्याने हसत.

सुरुवातीला आम्ही शर्यत संपल्यावर मुलाखती घेत असू. जिंकलेला धापा टाकत बोले, हरलेला कुरकुर करी आणि कोणालाच घाई नसे. पण वाहिनीच्या साहेबांना वाटले की शर्यत संपली की प्रेक्षक उठून जातात. त्यांना शर्यतीआधीचा चेहरा दाखवला पाहिजे. म्हणून मुलाखत सकाळी आली, मग तासभर आधी, मग दहा मिनिटे आधी. शेवटी तर चालक हेल्मेट घालून गाडीत बसलेला आणि मी खिडकीतून आत खुपसलेला! आयोजकांचा नियमच तसा झाला, त्यामुळे चालकांना नाही म्हणायची सोय उरली नाही. खरे सांगतो, मला मात्र त्याची चटक लागली. लपवलेल्या भीतीने आवाज कसा किंचित कोरडा पडतो, ते माझ्याइतके कोणाला कळत नसे आणि मला त्याचा गर्व होता.

तिथेच मला छोटी ही तरुण चालक भेटली. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, हाच तिचा मेकॅनिक. त्यानेच तिला गाडी शिकवली होती. तिला गाडीत बांधायचे काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. आधी अंगावरचे पट्टे, मग हेल्मेट, मग मानेचे दोन पट्टे. धडक बसली तर डोके पुढे फेकले जाऊ नये म्हणून हे दोन पट्टे हेल्मेटला अडकवतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येक पट्टा बसला की खट् असा आवाज येतो. दोन खट् झाले की दादा हेल्मेटवर टपली मारायचा आणि म्हणायचा, "जा आता, ब्याद टळली." छोटी हेल्मेटच्या आतून त्याला वेडावून दाखवायची.

त्या दुपारी शर्यतीला चार मिनिटे उरली होती. दादाने डावा पट्टा लावला. खट्. उजवा त्याच्या बोटांत होता.

"दादा, एकच प्रश्न. जरा जागा द्या," एकच म्हणाले.

"अहो, थांबा की दोन मिनिटं. पट्टा लावू द्या."

"थेट चाललंय, दादा. लोक बघताहेत."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. दादा भिडस्त माणूस. त्याने पट्टा सोडला आणि तो मागे सरला. त्याच्या हाताची जी जागा होती, तिथूनच मी आत गेलो.

"गेल्या वर्षी याच ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाला तुमची गाडी भिंतीला घासली होती. आज भीती वाटतेय?"

क्षणभर छोटीचा आवाज कोरडा पडला. मग ती हसली. "दादानं बांधलंय ना मला. मग कसली भीती?"

एकचांनी सवयीप्रमाणे दुसरा विचारला, तिसरा विचारला. तेवढ्यात भोंगा वाजला आणि सगळ्यांना बाहेर पिटाळायला सुरुवात झाली. दादा धावत खिडकीपाशी आला आणि सवयीने त्याने टपली मारली. "जा आता, ब्याद टळली." टपली पडली, म्हणजे दोघांच्याही लेखी सगळे झाले होते. मी मात्र दुसऱ्या खट्ची वाट पाहत होतो.

सातव्या फेरीत एका गाडीचा धक्का लागला आणि तिसऱ्या वळणावर छोटीची गाडी भिंतीवर गेली. एकचांच्या हातून मी खाली पडलो. हा पोचा तेव्हाचा. गाडीचे फारसे नुकसान झाले नव्हते. पण छोटीची मान मोडली होती आणि ती तिथेच गेली. उजवा पट्टा तिच्या खांद्यावर मोकळा लोंबत होता.

मग आठ दिवस वाहिनीने तिचे ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले. "दादानं बांधलंय ना मला." ऐकणारे हळहळत होते आणि वाहिनीतले लोक म्हणत होते, "काय स्वच्छ आवाज आलाय!" माझी एवढी तारीफ कधीच झाली नव्हती. मला माझी शरम वाटली. इकडे चौकशी समितीने लिहिले की मेकॅनिकची हयगय झाली. दादा म्हणत राहिला, "मी दोन्ही लावले होते. मी विसरणारा नाही." तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच वाटत होते.

एकचांनी सगळे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. एक खट्. त्यानंतर त्यांचाच आवाज. पुढे भोंग्यापर्यंत दुसरा खट् कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी ते दादाच्या गॅरेजात गेले; मी त्यांच्या पिशवीत होतो. दादाने हात पुसून ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, पुन्हा ऐकले.

"म्हणजे उजवा राहिला," तो म्हणाला.

"जागा मी मागितली, दादा. चूक माझी आहे."

"टपली तर मी मारली ना." तो फडक्याने पुन्हा हात पुसू लागला. मग हळूच म्हणाला, "तिचं ते वाक्य तेवढं पुसून टाका. कुठंही गेलं तरी कानावर येतं."

ते सगळीकडे पोचले होते. आता कोण पुसणार? पोचवले होते मीच.

एकचांनी ते ध्वनिमुद्रण समितीपुढे ठेवले आणि हात जोडून सांगितले, शर्यतीआधी चालकाजवळ माईक नेऊच नका, काय विचारायचे ते नंतर विचारा. समितीने दोन महिने विचार करून नवा नियम काढला: शर्यतीआधी चालकाला एकच प्रश्न विचारावा. तो कागद वाचून एकचांनी माझी वायर गुंडाळून ठेवली. त्या दिवसापासून ते ट्रॅकवर गेले नाहीत आणि मी या खणात आलो.

माझ्या जागी नवा माईक आला आहे. त्याचे कान माझ्याहून तिखट आहेत. मित्रांनो, कोणाचा जीव सांभाळण्याचे काम चालले असेल, तेव्हा त्या हातांपुढे माझ्यासारखे काही खुपसू नका. प्रश्न शिळा होत नाही, तो शर्यतीनंतरही विचारता येतो. एकच खट् झाला तर तो नव्या माईकलाही ऐकू येईल. पण आम्हा माईकांना 'थांबा' म्हणता येत नाही. तुम्हाला येते. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला असला, तरी म्हणा.