कालिंदीची मर्जी

मी एक जुना वस्तरा आहे, मित्रांनो. आज गंजून एका फुटक्या डब्यात पडलो असलो, तरी काशीच्या पंचगंगा घाटावर एके काळी माझे नाव होते. रामधनी न्हावी मला रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा. मुंजीची मुले, श्राद्धाला आलेले यात्रेकरू, सगळ्यांची डोकी मी गुळगुळीत केली. लोक म्हणत, "वाह, पता ही नहीं चला!" मी फुगून जायचो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. ब्रह्मा घाटावरच्या ढुंढिराजशास्त्रींचा मुलगा यज्ञेश्वर रेल्वेत कारकून होता. तो विषमज्वराने गेला. मागे बायको कालिंदी आणि तीन वर्षांची वीणा राहिली. दहाव्या दिवशी शास्त्रींनी रामधनीला बोलावले.

कालिंदी खांबाला धरून उभी होती. तिची वेणी कमरेखाली पोचत होती.

"मामंजी, मी केस काढणार नाही. जाताना हे म्हणाले होते, केस राहू दे."

शास्त्रींनी आवाज चढवला नाही. "तुझी मर्जी, सूनबाई. जबरदस्ती कोण करतंय? पण सकेशा विधवेच्या हातचं पाणी या घरात चालायचं नाही. आणि मुलगी तुझ्याजवळ राहायची नाही."

त्यांनी वीणाला आतल्या खोलीत ठेवून कडी घातली. ती दारावर हात आपटून "आई, आई" ओरडू लागली. चौकात शेजारणी जमल्या होत्या. कोणी हलले नाही. त्यांतली एक बोडकी, तांबड्या अलवणातली म्हातारी एवढेच म्हणाली, "बस ग मुकाट्यानं. आम्ही नाही का बसलो?"

रामधनी चुळबुळला. "शास्त्रीजी, बच्ची रो रही है. कल आ जाऊँ?"

"नहीं. आज ही."

दुपार कलली. वीणाचा आवाज बसत चालला. तेव्हा कालिंदी आपणहून पाटावर येऊन बसली.

"बहूजी, सिर झुकाइए," रामधनी हळूच म्हणाला.

मला त्या क्षणी बोथट व्हायचे होते, मित्रांनो. पण सकाळीच धार लावली होती. केस तिच्या मांडीवर पडत गेले. मी कुठेही अडखळलो नाही.

मग शास्त्रींनी कडी काढली. वीणा धावत आली, थबकली, किंचाळली आणि आजोबांच्या धोतरात तोंड लपवून म्हणाली, "ही नको! माझी आई द्या!"

शास्त्री हसले. "वेडी कुठली! हीच तुझी आई."

मग दर महिन्याला मी त्या घरी जात राहिलो. पुढे शास्त्री वारले. वीणा कॉलेजात जाऊ लागली. रामधनीचा हात थरथरू लागला होता. एके दिवशी वीणा दारातच आडवी आली.

"चाचा, वापस जाइए. आई, आता कोण आहे तुला अडवणारं? केस वाढव."

कालिंदीने डोक्यावरून तळहात फिरवला. वाढलेले खुंट तिला टोचले असावेत. तिने कपाळाला आठी घातली आणि पाट मांडला.

"नको ग. घाण वाटतं. करो, रामधनी."

वीणा रडत राहिली. मी माझे काम केले. त्या दिवशी कोणी कडी घातली नव्हती, कोणी धमकावले नव्हते. तरी माझ्या सगळ्या आयुष्यात तेच काम मला सर्वांत जड गेले.

मला तेल लावून जपा, असे मी म्हणणार नाही. मला गंजू द्या. फक्त कोणाच्या केसांना हात घालण्याआधी त्याला विचारा, मित्रांनो, आणि तो "नाही" म्हणतो आहे तोवरच ऐका. वीणाने विचारले, पण तेव्हा फार उशीर झाला होता.