सोमवारची चिठ्ठी

सोमवारी पार्वतम्माचं मौन असे. पहाटे अंघोळ करून कपाळाला विभूती लावली की ओठ मिटायचे, ते संध्याकाळी देवापुढं दिवा लागेपर्यंत. आज अकरावा सोमवार. हे मौन कशासाठी धरलंय ते तिनं सिद्धरामेश्वराखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं.

नात चंद्रिका सहा वर्षांची. अक्कलकोटकडचं गाव सोडून पार्वतम्माचा मुलगा बसू आईला, बायकोपोरीला घेऊन सोलापुरात आला, आणि इथल्या बालवाडीत पोरीनं पहिल्याच दिवशी घरच्या कानडीत ‘नीरु’ म्हणून पाणी मागितलं. पोरं हसली. बाईही हसल्या, मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. पण त्या दिवसापासून चंद्रिका घरात चिमणीसारखी चिवचिवायची आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की दगड. तेव्हा पार्वतम्मानं देवाला विनवलं होतं, तिचं गप्प राहणं माझ्या पदरात घाल आणि माझी वाचा तिला दे.

शाळा उघडली ती नेमकी सोमवारी. सून राजेश्वरी गणवेशाच्या कारखान्यात शिवणकामाला. साऱ्या जगाच्या पोरांचे गणवेश जूनमध्येच लागतात, तिला रजा कुठली? बसूलाही पंपदुरुस्तीच्या कामावर जाणं भाग होतं. त्यानं तयारी मात्र चोख केली होती. महिनाभर हिंडून महापालिकेच्या तीन शाळांचा तक्ता बनवला होता. खोल्या किती, शिक्षक किती, संडासाला पाणी आहे का, फळा साधा की स्क्रीनचा, पट किती. मग शंभरपैकी गुण. मोठ्या रस्त्यावरच्या शाळेला ब्याऐंशी, बाजारामागच्या शाळेला एकाहत्तर, ओढ्याकाठच्या दोन खोल्यांच्या शाळेला बावन्न.

निघताना त्यानं आईच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. “अव्वा, तुला तोंड उघडायचं कामच न्हाय. मोठ्या शाळेत जायचं, ही द्यायची. नाव, जन्मतारीख, आधार, सगळं लिवलंय. आज नाव घातलं न्हाय तर जागा भरतील बघ.”

मोठ्या शाळेच्या फाटकाला फुगे बांधले होते. व्हरांड्यात पालकांची रांग. टेबलामागच्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि पार्वतम्माला काहीतरी विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवून मान हलवली. बाईंना वाटलं आजींना ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तेच मोठ्यानं विचारलं, मग आणखी मोठ्यानं. रांग वळून बघायला लागली. चंद्रिकानं आजीच्या निऱ्यांत तोंड खुपसलं. बाई वाईट नव्हत्या, पुस्तकं आजच देते म्हणाल्या, अर्जावर अंगठा किंवा सही करा म्हणाल्या. पार्वतम्मानं हात जोडले, चिठ्ठी मागं घेतली आणि पोरीला घेऊन बाहेर पडली. बसू रागावणार हे तिला ठाऊक होतं.

बाजारामागच्या शाळेत दिपालीबाई होत्या, तरुण आणि लाघवी. त्यांनी चंद्रिकाला मांडीवरच घेतलं, मुठीत चॉकलेट दिलं, चिठ्ठी वाचली, आणि प्रश्नही आपणच विचारले, उत्तरंही आपणच दिली. तुझं नाव चंद्रिका ना, हो, चंद्रिकाच. तुला गाणी आवडतात ना, आवडतातच. पार्वतम्माचा जीव त्या बाईवर जडला. सहीला पेन हातात घेतलंसुद्धा. पण नातीच्या मुठीतलं चॉकलेट न उघडताच वितळत होतं. तिनं पेन खाली ठेवलं.

ओढ्याकाठची शाळा घरच्या वाटेवर होती. लिंबाच्या सावलीत एक गुरुजी नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत बसले होते. अनिलकुमार गुरुजी, असं दारावरच्या पाटीवर होतं. पाच-सात पोरं भोवती. पार्वतम्मा चिठ्ठीसाठी पिशवीत हात घालते तोच गुरुजींनी चंद्रिकाकडं बघून विचारलं, “कोण आलंय आमच्याकडं?”

आणि ते पुन्हा सुतळीकडं वळले. एक गाठ सुटली. दुसरी सुटेना, दातांनी ओढून पाहिली. पुन्हा विचारलं नाही, आजीकडंही बघितलं नाही. पार्वतम्माचा हात पिशवीत तसाच थांबला. चिठ्ठी बोटांना लागत होती. तिनं ती काढली नाही.

“चंद्रिका,” असं कुणीतरी म्हणालं. इतकं बारीक, की आपल्याच नातीचा आवाज ओळखायला पार्वतम्माला क्षणभर लागला.

“आणि या?”

“अज्जी. आज सोमवार हाय. सोमवारी अज्जी बोलत न्हाय.”

“मग आज तुलाच बोलावं लागणार की,” गुरुजी गाठीकडं बघतच म्हणाले.

आरोही नावाची दोन वेण्यांची पोरगी पुढं सरकली. “बोलत न्हाय तर जेवती कशी?”

“दिवा लावल्यावर जेवती,” चंद्रिका जरा चिडूनच म्हणाली. एवढंही ठाऊक नाही म्हणजे काय! मग घर कुठंय, अप्पा काय करतात, अव्वा कुणाचे गणवेश शिवते, सगळं ती सांगत गेली. सांगता सांगता घसा कोरडा पडला आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, “नीरु पायजे.”

पार्वतम्मानं डोळे मिटून घेतले.

कुणी हसलं नाही. “पाणी पायजे तिला,” म्हणत आरोही माठाकडं धावली. तिचीही आजी कर्नाटकातली, हे पार्वतम्माला पुढं कळलं. चंद्रिका घटाघटा पाणी प्याली. पार्वतम्मानं पेनासाठी हात पुढं केला.

संध्याकाळी बसू आला तो हात न धुताच विचारू लागला. पोरीचं नाव बावन्नवाल्या शाळेत घातलंय हे नव्या पुस्तकांवरच्या शिक्क्यावरून कळल्यावर तो तिथंच खाली बसला. तो चिडला तरी आवाज चढवत नसे. पट अवघा एकोणतीस आहे, दोन वर्षांत शाळा बंद पडली तर पोरीला घेऊन पुन्हा दारोदार हिंडायचं का, असं त्यानं विचारलं. खोटं नव्हतं ते. पार्वतम्मालाही त्याची धास्ती होतीच.

तिनं दिवा लावला. हात जोडले. मौन संपलं होतं, आणि बसू उत्तरासाठी तिच्या तोंडाकडं बघत होता.

‘देवा, हे मौन घटकाभर जास्तीचं मोजून घे,’ ती मनात म्हणाली, आणि तिनं चंद्रिकाकडं बोट दाखवलं.

“अप्पा, मी सांगते,” चंद्रिका म्हणाली. “तितं एक गाठ हाय, ती गुरुजींना सुटतच न्हाय. आणि आरोही हाय. मी बोलले अप्पा. अज्जीचं पण मीच बोलले.”

बसूनं खिशातून तक्ता काढला, उलगडला. पुन्हा घडी घालून ठेवला. मग म्हणाला, “पोरी, पुन्हा सांग. नीट सांग सगळं.”

ती सांगत होती. पार्वतम्मानं ताट वाढून घेतलं आणि गप्पच भाकरी मोडली.