पाठीतलं पाणी

काल दुपारी औषधं आणायला जाताना रुग्णालयाच्या सभागृहाच्या काचेतून मी पाहिलं होतं. मेडिसिनच्या शिकाऊ डॉक्टरांची दोन दिवसांची परिषद होती. टेबलांवर रबरी पाठी मांडलेल्या आणि एकेक जण त्यांत सुई घालायला शिकत होता. एका मुलीला तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा थेंब आला तेव्हा टाळ्या वाजल्या.

आज बारा वाजता तीच मुलगी ट्रे घेऊन सोमनाथच्या खाटेपाशी आली.

"ताई, मी डॉक्टर जन्नत. यांच्या पाठीतून पाणी काढायचंय. आजार मेंदूपर्यंत गेलाय का ते कळेल. इथं सही करा."

सोमनाथला चार दिवसांपासून ताप. सकाळपासून तो मला, स्वतःच्या बायकोला, 'आई' म्हणत होता.

"मॅडम, काल रबराच्या पाठीवर तुम्हीच होता ना?"

ती दचकली. "हो."

"माणसांवर किती वेळा केलंय?"

"सहा. दोनदा जमलं नाही, मग सीनियरनं केलं."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. "मला मोठे सर पाहिजेत," मी म्हणाले.

"सर परिषदेत बोलतायत, दोन वाजतील. इंजेक्शनं सुरू केलीत, पण पाणी तपासल्याशिवाय नेमकं औषध ठरत नाही. उशीर नको, ताई."

"मी थांबते."

थांबले खरी, पण बसवेना. खाट ते दार, दार ते खाट. पडेगावहून सासूबाईंचा फोन आला. "विशाखा, लेकरू लई रडायलंय गं. बाटली तोंडात धरंना. कधी येतीस?" माझा कुर्ता दुधानं भिजला होता. ओढणी पुढं घेतली आणि म्हटलं, "येते, आई." एक वाजता सोमनाथ सलाईनची नळी उपटायला लागला. मी त्याचा हात दाबून धरला. हे मी काय करून बसले?

दोनला सर आले. मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत.

"बाई, मी शेवटची सुई घातली त्याला चार वर्षं झाली. मी शिकवतो. हात चालू आहे तो हिचा. माझी पाठ असती तरी हिलाच सांगितलं असतं."

"मग मी दोन तास कशासाठी थांबले?"

जन्नतनं कागद पुढं केला. मी सही केली.

"यांचे गुडघे पोटाशी दाबून धरा. लेकराला लस देताना धरता तसं."

मी सोमनाथला कवेत आवळलं. सुई हाडाला लागली, तो कण्हला. जन्नतनं ती मागं घेतली, दिशा बदलली. सर हात मागं बांधून नुसते बघत होते. मग थेंब पडायला लागले.

"स्वच्छ आहे ना?"

"दिसतंय स्वच्छ. पण नुसतं बघून मी काही सांगणार नाही." तिनं बाटल्यांवर नाव लिहून त्या माझ्या हातात दिल्या. "लॅब खाली आहे. पळा."

पळाले. खिडकीतल्या बाईनं बाटल्या घेतल्या, वेळ लिहिली. दोन पस्तीस.

"बसा. तास लागंल."

"बाराला दिल्या असत्या तर एव्हाना कळलं असतं?"

"व्हय की. बसा ना, बाई."

मी उभीच राहिले.